वासाची फेरी

फर्मेंटेशनच्या कोर्सला कंपनीने माझं नाव घातलं तेव्हा मला वास येणं बंद होऊन तीन-चार वर्षं झाली होती, आणि ही गोष्ट बायकोखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती.

करोनात गेला तो वास. ताप उतरला, खोकला गेला, अशक्तपणाही हळूहळू गेला. वास मात्र परतला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, कुणाकुणाला वेळ लागतो. मी वाट पाहिली. रोज सकाळी चहाच्या कपावर नाक धरून बसायचो आणि बायको ओट्याजवळून विचारायची, "काही जाणवतंय का?" सुरुवातीला रोज विचारायची. मग सणावारी विचारायला लागली. मग तिने विचारणं सोडलं आणि मीही कपावर नाक धरणं सोडलं. जिभेला तिखट, मीठ, आंबट, गोड कळत होतं. मित्रांबरोबर मिसळ खायला गेलो की तर्रीने डोळ्यांत पाणी यायचं आणि सगळ्यांबरोबर मीही "वा!" म्हणायचो. त्यातलं अर्धं खोटं असायचं, पण मिसळीच्या टेबलावर ते तपासायला कुणी बसलेलं नव्हतं.

कारखान्यात सांगायची माझी छाती झाली नाही. आमचा कारखाना अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, आणि माझा विभाग वापरलेलं सॉल्व्हंट, म्हणजे रसायनं विरघळवायचा पेट घेणारा द्रव, शुद्ध करून परत कामाला लावण्याचा. तिथे गळती पकडायला भिंतीवर यंत्रं होती, ती वेळेवर वाजायची, म्हणून माझं निभावलं. पण जुन्या माणसांना यंत्राच्या आधी कळायचं. ती मान वर करून म्हणायची, "काहीतरी सुटलंय रे." मग मीही मान वर करायचो, दोनदा हवा ओढायचो आणि म्हणायचो, "हो, सुटलंय खरं." घरी येताना बसमध्ये तेच डोक्यात घोळायचं. उद्या यंत्र बिघडलं आणि मी एकटाच असलो तर, हा विचार करत करत मी नाशिक रोडला उतरायचो.

म्हणून विभाग बंद होणार ही बातमी आली तेव्हा आधी मला चक्क हायसं वाटलं. सॉल्व्हंटचं काम बाहेरून करून घेणार होते आणि त्या जागी फर्मेंटेशनचा नवा हॉल येणार होता, औषधांत लागणारी एन्झाइम बनवायला. मॅनेजरनी आम्हाला बोलावून सांगितलं, "कॉलेजचा छोटा कोर्स आहे, करून या. तिथे शिकवणाऱ्या मॅडमचा ज्यांच्याबद्दल रिपोर्ट चांगला आला त्यांना नव्या हॉलमध्ये घेऊ. बाकीच्यांचं बघू." आमच्या कंपनीत या "बघू"वर घरी बसलेली माणसं मी पाहिलेली आहेत. माझी पन्नाशी दोन पावलांवर, मुलगी पुण्याला शिकायला. मी कोर्सला हो म्हणालो आणि घरी येऊन बायकोला पेढे आणायला सांगितलं.

पेढे खाऊन होईपर्यंत मला हे सुचलंच नव्हतं की आंबवण्याचं काम नाकाचं असतं.

कॉलेज गंगापूर रोडच्या बाजूला. डिसेंबरची थंडी, स्वेटरवर मफलर गुंडाळून मी सकाळी निघायचो, द्वारका चौकात बस अडकायची आणि मी मांडीवर वही उघडून घोकत बसायचो. वर्गात निम्मी पोरं नुकती पदवी घेतलेली, निम्मे माझ्यासारखे कारखान्यातले. शिकवायला एक मॅडम होत्या. सगळी नोकरी यीस्टच्या कारखान्यात काढून निवृत्त झालेल्या, बुटक्या, चष्मा कपाळावर चढवलेला, आवाज मात्र मशीनच्या खडखडाटावरही ऐकू जाईल असा. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला प्रयोगशाळेतल्या फर्मेंटरपुढे उभं केलं. काचेचं मोठं भांडं, वर स्टीलचं झाकण, झाकणातून आत गेलेल्या नळ्या. एकीतून हवा, एकीतून साखर कारखान्यातल्या मळीचं पातळ पाणी, एकीतून अल्कली. आत यीस्ट वाढतं, वाढताना आम्ल सोडतं, आम्ल वाढलं की पंप बाटलीतली अल्कली थेंब थेंब आत सोडतो. वाफ, दाब, तापमान हे माझं रोजचं होतं. भांडं वाफेने निर्जंतुक कसं करायचं ते मला पोरांच्या आधी समजलं. मी म्हटलं, जमेल हे.

तेवढ्यात मॅडमनी खालच्या तोटीतून बीकरमध्ये थोडा नमुना काढला, फिरवला, नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "मशीनला कळेल तेव्हा कळेल. बॅच बिघडली की आधी नाकाला कळतं. रोज सकाळी आपण वासाची फेरी करणार."

फेरी म्हणजे अशी. सगळ्यांनी फर्मेंटरभोवती अर्धगोलात उभं राहायचं. बीकर एका टोकापासून हातोहात जाणार. प्रत्येकाने वास घ्यायचा आणि तो कसा आहे ते मोठ्याने सांगायचं. पुस्तकातला शब्द चालणार नाही, "गोड" आणि "आंबट" एवढ्यावर भागणार नाही, आणि आधीच्याने वापरलेला शब्द पुन्हा वापरायचा नाही. "आपल्या घरातला वास सांगा," मॅडम म्हणाल्या. "घरातला सांगितलात की जन्मात विसरणार नाही."

बीकर माझ्याकडे आला. मी मफलर नाकापर्यंत ओढला आणि म्हणालो, "मॅडम, मला जरा सर्दी आहे."

"बरी झाली की सांगा," त्या म्हणाल्या आणि बीकर पुढे गेला.

कोर्सभर सर्दी चालवता येणार नव्हती. त्या संध्याकाळी मी नाशिक रोडच्या बाजारात बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानातून यीस्टचं पाकीट घेतलं आणि बायकोपुढे ठेवलं. गुळाच्या पाण्यात कालवून बरणीत ठेव, म्हटलं, आणि वास कसा येतो ते मला सांग.

"मी काय पोलिसांचं कुत्रं आहे, हुंगत बसायला?" ती म्हणाली. पण बरणी तिनेच धुतली. थंडीत ते फुगेना म्हणून टॉवेलात गुंडाळून फ्रिजच्या मागे तिनेच ठेवली. दुसऱ्या दिवशी मी परत आलो तेव्हा ती बरणीचं झाकण उघडून डोळे मिटून उभी होती.

"लग्नघरात सकाळी पोळ्यांची कणीक मळून ठेवतात ना," ती म्हणाली, "ओल्या फडक्याखाली? आणि आचारी अजून आलेले नसतात? तसा."

मी ते वहीत लिहून घेतलं, आचारी वगैरेसकट. मग रोज संध्याकाळचा आमचा हाच कार्यक्रम झाला. चहा झाला की ती बरणी घ्यायची आणि मी समोर बसायचो. पिकल्या पेरूंच्या टोपलीत तळाशी हात घातल्यावर येतो तसा. उसाच्या गुऱ्हाळावर आपल्या आधी कुणीच गेलेलं नसतं तेव्हा येतो तसा. भिजत घातलेल्या तांदळाचं दुसऱ्या दिवशीचं पाणी, पण फेकून द्यावंसं न वाटणारं. बायको अशी बोलते हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. एक बरणी तिने मुद्दाम बिघडू दिली. ती उघडून तिने तोंड फिरवलं. "लोणी कढवायचं राहून गेलं आणि आठवड्याने डब्याचं झाकण काढलं, तसा. हा आला की समजायचं, संपलं."

म्हणजे वाईट वासाचंही वर्णन माझ्याकडे तयार होतं. ते कधी वापरायचं एवढंच मला कळणार नव्हतं.

फेरीत मी जागा पक्की करून घेतली. माझ्या डावीकडे एक मुलगी उभी राहायची. सटाण्याकडची, मायक्रोबायोलॉजीत नुकतीच एमएस्सी झालेली, हॉस्टेलवर राहणारी. घरी फोन लावला की "हा माय, सगळं बरं शे" म्हणायची आणि फोन ठेवला की चेहरा पाडायची, कारण सगळं बरं नसायचं. तिलाही भीती वाटायची. वर्गात काही विचारलं की उत्तर तिला येत असायचं, पण दुसऱ्या कुणी दिल्यावर ती वहीत बरोबरची खूण करायची. बीकर डावीकडून यायचा, म्हणजे तिच्यानंतर मी. ती काय म्हणते ते ऐकायचं, वास घेतल्याचं नाटक करायचं आणि बायकोच्या वर्णनांतलं तिच्याशी जुळणारं एक काढून द्यायचं. ती म्हणाली, "गरम पावासारखा," की मी लग्नघरातली कणीक काढली.

मॅडमनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "आचारी यायच्या आधीची? वा. नाक असावं तर असं."

काय सांगू, मला बरं वाटलं. भीती तेवढीच होती, पण तिच्यावर कौतुकाचा एक थर चढला. पेरूची टोपली काढली त्या दिवशी तर मॅडमनी मला दुसऱ्या वर्गाला दाखवायला नेलं. पोरं मला "काका" म्हणायला लागली, शंका विचारायला लागली. ती सटाण्याची मुलगी एकदा म्हणाली, "काका, तुम्हाला लय बारीक कळतं. मला नाय एवढं कळत." मी म्हणालो, "अनुभव." घरी जाऊन हे बायकोला सांगितलं तेव्हा ती खूश झाली. "काय म्हणाल्या मॅडम?" हे ती मला दारातच विचारायची, चपला काढायच्या आत.

शेवटच्या आठवड्यात मोठी बॅच होती. आमची परीक्षाच ती. भांडं आम्हीच निर्जंतुक करायचं, यीस्टचं बी, म्हणजे विरजणच, आम्हीच सोडायचं, वाढवायचं आणि मॅडम त्यावर रिपोर्ट लिहिणार. बी सोडायचं काम त्या मुलीकडे आलं. बाहेरचे जंतू जाऊ नयेत म्हणून बर्नरच्या ज्योतीजवळ हात धरून तिने ते इतकं सांभाळून केलं की तिचे ओठ हलताना मला दिसत होते. बहुधा देवाचं नाव घेत असावी. भांडं रात्रभर चालू राहणार होतं, राखायला कॉलेजचे लोक होते. मी घरी गेलो आणि जेवलो नाही.

सकाळी आम्ही जमलो तेव्हा मॅडम घाईत होत्या. प्राचार्यांकडे बाहेरचे पाहुणे आले होते, त्यांना तिकडे बोलावलं होतं. जाता जाता त्यांनी बीकर भरला आणि स्वतः वास न घेता थेट माझ्या हातात दिला.

"आज फेरी तुम्हीच करून घ्या. काका, तुमच्यापासून सुरू करा. तुमचं नाक भरवशाचं आहे."

त्या गेल्या. बीकर माझ्या हातात. माझ्या आधी कुणीच नव्हतं.

मी बीकर फिरवला. मफलर बाजूला केला आणि नाकाशी नेला. नेहमीसारखंच, काही नाही. थंड हवा आत गेली, बाहेर आली. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी मनात हिशेब केला की आतापर्यंतची प्रत्येक बॅच चांगली निघाली आहे, तेव्हा हीही चांगलीच असणार. मी डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणालो, "गुऱ्हाळ. सकाळचं पहिलं. आपल्या आधी कुणी आलेलं नाही."

बीकर मी डावीकडे त्या मुलीला दिला. तिने वास घेतला. थांबली. पुन्हा घेतला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी तिच्याकडे पाहून हसलो. हसू कसलं ते, दातावर दात दाबलेले होते. ती म्हणाली, "हं... गोड आहे. चांगला आहे." तिच्या पुढच्याने उसाचा रस म्हटलं, त्याच्या पुढच्याने काकवी. फेरी पूर्ण झाली.

बीकर ठेवताना माझं लक्ष अल्कलीच्या बाटलीकडे गेलं. ती फार खाली गेली होती. इतक्या वेळात इतकी उतरायला नको होती. म्हणजे आत आम्ल नेहमीपेक्षा जास्त तयार होत होतं. वासाचं मला कळत नसलं तरी बाटल्या आणि मीटरचे काटे मी आयुष्यभर पाहत आलोय, ते मला कळतं. मी तोंड उघडलंही. मग वाटलं, मी म्हणालो की बॅचमध्ये काही गडबड आहे, तर सगळे म्हणणार, काका, पुन्हा एकदा वास घेऊन सांगा ना. मी तोंड मिटलं आणि पंपाच्या नळीला उगाच हात लावून पाहिला.

ती सकाळ कशी गेली ते मलाच माहीत. मी येता-जाता त्या बाटलीकडे बघत होतो. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला तेव्हा बायकोने मेथीची भाजी दिली होती आणि पोरं म्हणत होती, काय घमघमाट सुटलाय काका. मी डबा त्यांच्याकडे सरकवला.

दुपारी मॅडम परतल्या. त्या अजून दारातच होत्या. एक पाय आत, एक बाहेर.

"हे काय सडलंय इथे?"

त्या तरातरा फर्मेंटरपर्यंत गेल्या, तोटी उघडून थेंब काचपट्टीवर घेतला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. मग एकेकाला बोलावून दाखवलं. यीस्टच्या गोल दाण्यांच्या मधूनमधून बारीक काड्या पोहत होत्या. बॅक्टेरिया. बॅच गेली होती, आणि ती सकाळपासून जात होती.

"बी कुणी सोडलं होतं?"

मुलीने हात वर केला.

"आणि सकाळची फेरी? इतक्या नाकांपैकी एकालाही कळलं नाही?"

सगळे फरशीकडे बघत होते. मॅडमचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि ते जास्त वाईट होतं. त्यांनी त्या मुलीला विचारलं, "तू सांग. तू काय म्हणालीस सकाळी?"

"गोड आहे म्हणाले मॅडम." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. "पण मला तसा आला नव्हता. मला, म्हणजे घरी लोणी कढवायचं राहून जातं ना आणि मग खवट होतं, तसा आला होता. दोनदा घेतला मी. पण काकांना चांगला आला. म्हणून मला वाटलं, माझंच नाक खराब आहे." तिने मला दोष दिला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. "मॅडम, मला नाय वाटत मी या लाइनमध्ये चालेन. मला साधा वासपण ओळखता येत नाय. बी पण माझ्यामुळेच बिघडलं असेल."

लोणी कढवायचं राहून गेलं. माझ्या बायकोने स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलेलं, मी वहीत लिहून घेतलेलं. सकाळी त्या बीकरमध्ये नेमकं तेच होतं, आणि मी ते हातात धरून गुऱ्हाळ म्हणालो होतो. सगळ्या वर्गात ज्या एका पोरीने वास अचूक ओळखला, ती आता मी चालणार नाही म्हणत होती, आणि ते माझ्या मान डोलावण्यावरून.

मला फार भीती वाटली. नोकरीची, मॅनेजरची, सगळ्यांदेखत होणाऱ्या शोभेची. पण ती पोर ओढणी पिळत उभी होती आणि ते बघवेना.

"मॅडम," मी म्हणालो, "तिचं नाक चांगलं आहे. मला वास येत नाही."

"आज?"

"करोनापासून."

पाठीमागून कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मॅडम माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मग ती लग्नघरातली कणीक?"

"ते माझ्या बायकोचं."

"पेरू?"

"तेही तिचंच."

"मग कंपनीने तिलाच पाठवायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या. आता कुणीच हसलं नाही. "वास न येणारा माणूस मी चालवून घेतला असता हो. मीटरचे काटे बघायला बसवला असता. पण वास न घेता मान डोलावणारा माणूस मी कसा चालवून घेऊ? तुमच्या नव्या हॉलमध्ये उद्या औषधाचा माल बनेल."

मी म्हणालो, अल्कलीची बाटली सकाळीच उतरलेली मला दिसली होती. हे का सांगितलं कोण जाणे. एकदा बोलायला लागल्यावर ते आत ठेवून काय करायचं होतं?

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "रिपोर्टमध्ये मला हे लिहावं लागेल."

"लिहा," मी म्हणालो.

सडलेली बॅच वाफेवर मारून ओतून देण्याचं काम मी मागून घेतलं. भांडं उघडून झडती घेतली तेव्हा नमुना काढायच्या तोटीतली रबरी रिंग चिरलेली सापडली. घाण तिथून आत गेली होती, मुलीच्या हातून नाही. मॅडमनी ती रिंग तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "ही जवळ ठेव. आणि पुढच्या वेळी खवट वास आला की खवट म्हणायचं, समोर काका असोत नाहीतर मी." मुलीने रिंग मुठीत घट्ट धरली.

मला वाटलं होतं बायको धीर देईल. चपला काढायच्या आत तिने नेहमीसारखं विचारलं आणि मी दारातच सगळं सांगितलं. ती ओट्यापाशी गेली.

"अहो, पण ते गुऱ्हाळाचं मी चांगल्यासाठी सांगितलं होतं," ती म्हणाली. "ते तुम्ही त्या सडक्या पाण्याला लावलंत?"

टॉवेलातली बरणी तिने मोरीत उपडी केली, धुतली आणि डाळीच्या डब्यांमागे ठेवून दिली. मला मॅनेजरच्या बोलण्यापेक्षा हेच जास्त लागणार होतं, ते तेव्हाच समजलं.

शेवटची बॅच पुन्हा लावली गेली. वासाच्या फेरीची वेळ झाली तेव्हा मी जायचं की नाही ते ठरत नव्हतं, पण गेलो आणि अर्धगोलात उभा राहिलो. मॅडमनी बीकर त्या मुलीपासून सुरू केला. तिने एकदाच वास घेतला आणि खणखणीत सांगितलं, "बाजरीचं ताजं पीठ, गिरणीतून आणलेलं, अजून कोमट." तिने कुणाकडेही पाहिलं नाही. बीकर माझ्यापर्यंत आला तसा मी तो पुढे दिला आणि म्हणालो, "मला वास येत नाही. बाटली ठीक उतरते आहे." मॅडम फक्त "हं" म्हणाल्या आणि फेरी पुढे सरकली. सगळं मिळून एका श्वासाचं काम होतं.

रिपोर्ट कंपनीत गेला. त्यानंतरचे दिवस मी फोन वाजला की दचकायचो, वाजला नाही की जास्त घाबरायचो. शेवटी मॅनेजरनी बोलावलं आणि सोलून काढलं. सॉल्व्हंटच्या विभागात इतकी वर्षं नाक नसताना उभा होतास, एखादा मेला असता म्हणजे? डॉक्टरकडे धाडलं, कागद झाले. फर्मेंटरच्या हॉलमध्ये मला घेतलं नाही. हॉलच्या बाहेर वाफेची खोली आहे, भांडी आणि नळ्या निर्जंतुक करण्याची, तिथे बसवलं. दाब, तापमान, वेळ. आधी सुपरवायझर होतो, इथे साधा ऑपरेटर आहे. दारावर माझ्या सांगण्यावरून पाटी लावली आहे की इथल्या माणसाला वास येत नाही, काही सुटल्यासारखं वाटलं तर हाक मारा. येणारे-जाणारे वाचतात, कुणी हसतं, पण दिवसातून एकदा तरी कुणीतरी दारातून ओरडतं, "सगळं ठीक आहे हो!"

बायको बरेच दिवस वासाबद्दल काही बोलली नाही. मीही विचारायला धजलो नाही. विचारायचं कशासाठी, आता काम नव्हतं. पण संध्याकाळी चहा झाला की समोरची खुर्ची रिकामी वाटायची, ती त्याच खुर्चीत बसलेली असली तरी. परवा मी धीर करून विचारलंच. ती कांदा चिरत होती, कुकर नुकताच उतरला होता.

"आता कसला वास येतोय गं?"

मला वाटलं, वरणाचं काहीतरी सांगेल, किंवा कशाला हवंय म्हणेल. तिने कांदा चिरता चिरता बाहीने डोळे पुसले.

"मला नाही येत आज," ती म्हणाली. "कालपासून सर्दी झालीय, नाक बंद आहे. काही कळत नाही."

आणि पुढचा कांदा घेतला. एवढंच. हे वाक्य तोंडातून काढायला मला तीन-चार वर्षं लागली होती, एक बॅच सडावी लागली होती, आणि एक पोर रडायच्या बेतात यावी लागली होती. ती कांदा चिरता चिरता म्हणून गेली.

मग एकदम लक्षात आलं की या घडीला घरात कुणालाच वास येत नाहीये. मी उठलो, वाटीत साबणाचं पाणी केलं, गॅसच्या नळीला लावलं आणि गळतीचे बुडबुडे येतात का ते वाकून पाहायला लागलो.